पावसातला पारा

जूनमध्ये नैऋत्य वारा मालवणात ढग आणतो, तेव्हा त्यांत दूरदेशीच्या कोळशाच्या धुरातला पाराही असू शकतो. वायुरूप पारा हवेत कित्येक महिने राहतो. ऑक्सिडीकरण झालं की पाण्यात विरघळून पावसाबरोबर उतरतो.

तो गोळा करायला वीज लागत नाही. काचेचं नरसाळं, खाली काचेची बाटली आणि तिच्यात थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्लामुळे पारा काचेला चिकटत नाही. खरी कसोटी स्वच्छतेची. इथे हिशेब नॅनोग्रॅमचा, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा; उघड्या हाताचा स्पर्शही नमुना बिघडवतो. म्हणून हातमोजे हवेत, आणि तुलनेला पाऊस न शिरलेली एक बाटलीही.

समजा, लिटरमागे १० नॅनोग्रॅम निघाले. क्षुल्लक वाटतं ना? पण सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे दर चौरस मीटरवर ३००० लिटर पाणी आणि ३० मायक्रोग्रॅम पारा. खाडीच्या चिखलातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो बांगड्यापेक्षा सुरमई-मोरीत जास्त साठतो आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूला सर्वांत घातक ठरतो.

पाऱ्यावरच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. माझ्या मते किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांच्या गच्च्यांवर अशी नरसाळी लागायलाच हवीत; विश्लेषण मात्र सुसज्ज प्रयोगशाळेतच करावं.