शिकाऊ यंत्र आणि पाठीचा कणा

आपण मराठी माणसांनी कण्याला फार मोठा मान दिला आहे. स्वाभिमानी मनुष्य ताठ कण्याचा, लाचार मनुष्य बिनकण्याचा! परंतु हा कणा म्हणजे काही एकसंध दांडा नव्हे. मानेत ७ मणके, छातीमागे १२, कमरेत ५, त्याखाली एकमेकांस चिकटलेले ५ आणि माकडहाडाचे बहुधा ४, अशी ही ३३ मण्यांची माळ. त्यातला एखादा मणी घसरला, की ताठपणाच्या गोष्टी बाजूला राहतात आणि शेकायची पिशवी जवळ येते.

माझ्या थोरल्या वहिनींचा कमरेतला मणका असाच पुढे सरकला. औषधे झाली, व्यायाम झाले. पाय बधिर होऊ लागले तेव्हा शस्त्रक्रिया ठरली. मणके स्क्रूंनी जखडायचे, हे ऐकून आम्ही सारेच हबकलो. त्या निमित्ताने मी जी चौकशी केली, ती वाचकांपुढे मांडतो.

मणक्याचा पुढचा जाड भाग आणि मागची कमान यांना जोडणारे दोन आखूड देठ असतात. डॉक्टर त्यांना पेडिकल म्हणतात. स्क्रू शिरतो तो या देठातून. फ्रान्समधील रॉय-कामीय यांनी १९६३ साली ही रीत वापरली आणि पुढे ती जगभर रुळली. तिच्यातली अडचण कोणाही सुताराच्या ध्यानात येईल. छातीमागच्या मधल्या मणक्यांचा देठ कित्येकदा चार-पाच मिलिमीटरच रुंद असतो आणि त्याला लागून मज्जारज्जू असतो. कमरेतले देठ जाड खरे. पण त्यांच्याही शेजारून पायांकडे जाणारे मज्जातंतू निघतात. स्क्रू जरा तिरपा गेला, तर नको तिथे टोचायचा!

१९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे काप दाखवले. पुढे मणक्यांचेही असे काप पाहता येऊ लागले. आता त्या कापांवरून स्क्रूची वाट आखायला संगणक शिकला आहे. ‘शिकला’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. जाणकारांनी एकेक मणका रंगवून, त्यावर क्रमांक घातलेली शेकडो छायाचित्रे त्याच्यापुढे ठेवतात. तो अंदाज करतो, चुकतो, चूक किती झाली ते मोजतो आणि आपली आतली आकडेमोड किंचित सुधारतो. असे हजारो वेळा. म्युनिकच्या संशोधकांनी २०१९ व २०२० साली अशी ३७४ छायाचित्रे साऱ्यांसाठी खुली केली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक मणके होते.

शिकून तयार झालेले यंत्र नव्या रुग्णाचे मणके वेगळे करते, त्यांना क्रमांक देते, देठाचा सर्वांत अरुंद भाग हुडकते आणि त्याच्या मधून रेषा ओढते. स्क्रू किती जाड व किती लांब हवा, हेही सुचवते.

वहिनींची आखणी शल्यचिकित्सकांनी मला पडद्यावर दाखवली. रेषा सुरेख होत्या, पण एक मणका खाली! वहिनींच्या कमरेत पाचाऐवजी सहा मणके निघाले. काही माणसांना ते जन्मतःच असतात. घसरलेला मणका वरून मोजला तर पाचवा आणि खालून मोजला तर चौथा. यंत्राने खालून मोजले होते, अहवाल वरून मोजून लिहिला होता.

“याने पाहिलेल्या बहुतेक माणसांना पाचच मणके होते,” शल्यचिकित्सक म्हणाले, “तुमच्या वहिनींसारखे पाहुणे याला क्वचितच भेटले.” मग त्यांनी बरगड्यांपासून एकेक मणका मोजत आणून क्रमांक दुरुस्त केले आणि आखणी पुन्हा करून घेतली. आज वहिनी गॅलरीत तासभर उभ्या राहून खालच्या भाजीवाल्याशी घासाघीस करतात.

या यंत्राला मी नावे ठेवणार नाही. देठाचा मध्य ते चटकन आणि न कंटाळता शोधते, आणि दमलेल्या माणसाला ही मदत थोडकी नव्हे. पण जे त्याला फारसे दाखवले गेले नाही, तिथे ते तितक्याच आत्मविश्वासाने चुकते. आणि नेमका आपलाच माणूस त्या थोड्यांतला असू शकतो. म्हणून घरात असा प्रसंग आलाच, तर शस्त्रक्रियेआधी दोन प्रश्न विचारायला संकोचू नका: ही आखणी कोणी तपासली? आणि मणके कोणी, कुठून मोजले? चांगला शल्यचिकित्सक रागावत नाही. तो पडदा तुमच्याकडे वळवतो आणि बोट ठेवून मोजून दाखवतो.