‘बावन्न’ ऐकून मुलानं २५ लिहिलं, तर तो ‘ढ’ ठरतो का? ज्ञानरचनावाद सोप्या भाषेत

दुसरीच्या वर्गात बाईंनी ‘बावन्न’ लिहायला सांगितलं आणि एखाद्या मुलानं २५ लिहिलं, तर नेहमीचा उपाय ठरलेला: लाल फुली आणि ‘दहा वेळा लिहून आण’. ज्ञानरचनावादी वर्गात मात्र बाई आधी विचारतात, “हे कसं लिहिलंस, सांग बघू?” दोन्ही पद्धतींतला फरक या एका प्रश्नात आहे.

म्हणजे नेमकं काय?

ज्ञान हे शिक्षकाच्या डोक्यातून मुलाच्या डोक्यात ओतता येत नाही. मूल आपल्याला आधीपासून जे माहीत आहे त्याला नवीन गोष्ट जोडून पाहतं आणि स्वतःची समजूत तयार करतं. म्हणून ‘ज्ञानरचना’. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांनी मुलांच्या विचारांचा अभ्यास करून हे मांडलं. रशियाचे लेव वायगॉट्स्की यांनी त्यात भाषेचं आणि जाणत्या माणसाच्या मदतीचं महत्त्व दाखवून दिलं. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं हाच विचार स्वीकारला.

सीमाभागात हा प्रश्न जास्त का?

बावन्न म्हणताना मराठीत आधी ‘दोन’ येतात, मग ‘पन्नास’. कन्नडमध्ये ‘ऐवत्तेरडु’, म्हणजे आधी पन्नास, मग दोन. तेलुगूत ‘याभै रेंडु’, इंग्रजीत ‘फिफ्टी टू’, क्रम तोच. बेळगाव किंवा हैदराबादचं मराठी मूल घरात एक क्रम ऐकतं, गल्लीत आणि शाळेत दुसरा. इंदूर, वडोद्यात हिंदी-गुजरातीचा ‘बावन’ मराठीसारखाच असला, तरी इंग्रजी शाळेत गेल्यावर अडचण तीच.

‘एकोणचाळीस’ तर आणखी अवघड. शब्दात ‘चाळीस’ ऐकू येतं, लिहायचे मात्र ३९. कन्नडमधलं ‘मूवत्तोंबत्तु’ सरळ तीस आणि नऊ सांगतं. म्हणजे २५ लिहिणाऱ्या मुलानं डोकं चालवलेलं असतं. ऐकलं त्याच क्रमानं त्यानं लिहिलेलं असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशा धर्तीचं वाचन आलं आणि महाराष्ट्रात मोठा वाद झाला, तो याच अडचणीवरून.

वर्गात काय घडतं?

काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेतल्या जातात. मूल पाच गठ्ठे आणि दोन सुट्या मांडतं, तेव्हा बावन्नमधले पाच कुठले, हे त्याला डोळ्यांनी दिसतं. ५२ मधून ३८ काढायचे तर सुट्या दोनातून आठ देता येत नाहीत. मूल अडतं. बाई उत्तर सांगत नाहीत, “गठ्ठा सोडला तर?” एवढंच विचारतात. एक गठ्ठा सुटला की चार गठ्ठे आणि बारा सुट्या. आठ सुट्या आणि तीन गठ्ठे दिल्यावर १४ उरतात. ‘हातचा’ कुठून आला, हे मग पाठ करावं लागत नाही.

बाजारातला व्यवहार आणि वहीतलं गणित यांची गाठ पडली नाही तर काय होतं, हे ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं. १९८५ मध्ये तो प्रकाशित झाला. रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांनी विक्री करताना ९८ टक्के हिशेब बरोबर केले. तशीच आकडेमोड कागदावर दिल्यावर फक्त ३७ टक्के. हिशेब मुलांना येत होता, शाळेच्या गणिताशी तो जोडला गेला नव्हता.

रंगवलेली फरशी म्हणजे ज्ञानरचनावाद नव्हे

कर्नाटकात १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात ‘नलि-कलि’ सुरू झालं आणि पुढे राज्यभर गेलं. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा बघायला शिक्षकांची रीघ लागली. मात्र अनेक ठिकाणी फरशीवर आकडे रंगले, कार्डं आली, पण मुलाला प्रश्न विचारणं आलंच नाही. दुसरा गैरसमज असा की यात शिक्षकाला काम नसतं. उलट प्रत्येक मूल कुठं अडलंय, हे त्याला ओळखावं लागतं. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतील तर हे फार अवघड जातं. पाढे, वाचन यांचा सराव तर लागतोच. फक्त तो समजल्यानंतर करायचा.

कायदा काय म्हणतो?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृतीतून आणि शोधातून शिकणं, मुलाला भीतीपासून मुक्त ठेवणं आणि शक्य तितकं मातृभाषेतून शिकवणं, या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत. त्या सुट्या करता येत नाहीत. माहीत असलेल्यावरच नवीन उभं राहायचं असेल, तर मुलाला माहीत असलेलं घरच्या भाषेतच असतं. ती भाषा वर्गाबाहेर ठेवली की पायाच बाहेर राहतो. शाळेचं माध्यम कोणतंही असो, मुलाला अडलेलं मराठीत सांगण्याची मोकळीक हवी.

पालकांनी शाळा बघताना इमारत, गणवेश जरूर बघावा. पण वर्गात मूल चुकलं की शिक्षक पहिल्यांदा काय करतात, हेही विचारावं. आणि घरी वही उघडल्यावर “किती मार्क पडले?” याच्या आधी “हे कसं काढलंस?” असं विचारून बघावं.