संगणक एकाचा, कागद गावाचे: ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना

(घाटंजी येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)



ऑपरेटिंग सिस्टीम आणि खाजगीपणा हा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की हे पुण्या-बंगलोरच्या लोकांचं दुखणं, घाटंजीत याचं काय काम? माझं म्हणणं उलटं आहे. पुण्यातल्या नोकरदाराच्या लॅपटॉपवर त्याची स्वतःची माहिती असते. आपल्याइकडे ऑनलाइन कामाच्या दुकानात, आपले सरकार सेवा केंद्रात जो संगणक असतो, त्यावर शेकडो घरांची माहिती असते. आधार, पासबुकचं पहिलं पान, सातबारा, जातीचा दाखला, पोरीची टीसी, पीकविम्याची पावती. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज आठवा. ऑनलाइन भरायचे होते, केंद्रांवर रांगा लागल्या होत्या. ज्या शेतकऱ्याने आपल्यावर कर्ज किती हे भावालाही सांगितलं नव्हतं, त्याने ते दुकानातल्या पोराला सांगितलं, कारण फॉर्ममध्ये तो रकाना होता. त्या कागदांच्या स्कॅन केलेल्या फायली नंतर कोणी पुसल्या का? बहुतेक ठिकाणी नाही. ‘डेस्कटॉप’वर ‘न्यू फोल्डर ३’ मध्ये पडून राहिल्या.

म्हणजे संगणक एकाचा आणि कागद गावाचे. ही गोष्ट विंडोज, मॅक बनवणाऱ्यांच्या डोक्यात नसते. ‘तुमची माहिती पाठवू का?’ असं संगणक विचारतो, दुकानदार ‘हो’ दाबतो, आणि ज्याची माहिती आहे तो बाहेर बाकावर बसलेला असतो.

आता ऑपरेटिंग सिस्टीमचं एवढं काय? जिनिंगमधला दिवाणजी डोळ्यासमोर आणा. कापूस कोणाचा आला, किती भरला, कोणाला उचल दिली, सगळं त्याच्या हातून जातं. ऑपरेटिंग सिस्टीमचं तसंच आहे. तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण, उघडलेली प्रत्येक फाइल, जोडलेला प्रत्येक पेनड्राइव्ह तिच्या हातून जातो. ब्राउझर बदलता येतो, एखादं ॲप काढून टाकता येतं, पण दिवाणजीला चुकवून जिनिंगमध्ये काही होत नाही. म्हणून प्रश्न एवढाच की हा दिवाणजी बाहेर कोणाला काय सांगतो, आणि त्याला गप्प बस म्हणता येतं का.

विंडोजपासून सुरू करू, कारण समोर बसलेल्या बहुतेकांकडे तेच आहे. विंडोज दोन प्रकारची माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवतं. एक ‘आवश्यक’, एक ‘ऐच्छिक’. आवश्यकमध्ये यंत्राचं मॉडेल, कोणतं अपडेट बसलं, कुठे काय बंद पडलं असल्या गोष्टी. ऐच्छिकमध्ये तुम्ही कोणती ॲप किती वापरता, एज ब्राउझरमध्ये कोणत्या साइट पाहता, इथपर्यंत जातं. ऐच्छिक बंद करता येते. आवश्यक मात्र घरगुती आवृत्तीत बंद करायचं बटणच नाही. २०१६ च्या जुलैत फ्रान्सच्या माहिती संरक्षण संस्थेने विंडोज १० वरून मायक्रोसॉफ्टला जाहीर नोटीस दिली होती, की तुम्ही गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा करता. कंपनीने सगळ्यात खालच्या पातळीवरची माहिती जवळजवळ निम्म्याने कमी केली आणि २०१७ मध्ये ती नोटीस बंद झाली. म्हणजे निम्मी माहिती न घेताही काम चालत होतं! (हशा)

पण खरं सांगू का, आपल्या दुकानासाठी हा टेलिमेट्रीचा प्रकार मला सगळ्यात मोठा वाटत नाही. त्यात सातबारा जात नाही. सातबारा जातो तो वनड्राइव्हमधून. नवीन लॅपटॉप सुरू करताना विंडोज ११ मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. खातं दिलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या तीन फोल्डरांचा बॅकअप वनड्राइव्हवर घ्यायचा आग्रह सुरू होतो, आणि काही वेळा मांडणीच्या घाईत तो चालू होऊन जातो, कळतही नाही. तुमचे स्वतःचे फोटो असतील तर ही सोय चांगलीच आहे, डिस्क गेली तरी फोटो राहतात. पण स्कॅनर फाइल कुठे टाकतो? डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये. म्हणजे पारवा किंवा शिवणीच्या शेतकऱ्याचं आधार कार्ड दुकानदाराच्या क्लाउडमध्ये जाऊन बसलं, त्या दोघांनाही पत्ता नाही. त्या खात्याचा पासवर्ड दुकानदाराच्या मुलाच्या फोनमध्ये, पुतण्याच्या लॅपटॉपमध्ये असतो. आज घरी जाऊन वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ‘बॅकअप’ उघडून पाहा.

‘रिकॉल’चं नाव तुम्ही ऐकलं असेल. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये जाहीर केलेली सोय. स्क्रीनवर जे दिसतं त्याची थोड्या थोड्या वेळाने चित्रं काढून संगणक ती साठवतो, म्हणजे नंतर शोधता येतं. ओरड झाली, कंपनीने ती मागे घेतली, बदल केले आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा आणली. आता ती आपण चालू केल्याशिवाय चालू होत नाही, चित्रं यंत्रावरच राहतात, आणि फक्त ‘कोपायलट प्लस’ नावाच्या महागड्या यंत्रांवर मिळते. त्यामुळे आज घाबरायचं कारण नाही. पण पुढेमागे दुकानात असं यंत्र आलं, तर तिथे ती चालू करू नका. दिवसभर लोकांचे फॉर्म ज्या पडद्यावर उघडतात त्याची चित्रं कशाला ठेवायची?

आता एक गोष्ट, जी खाजगीपणाच्या लेखांमध्ये सहसा नसते, कारण ते लेख लिहिणाऱ्यांच्या घरी ती घडत नाही. आपल्याइकडे असेंबल केलेला संगणक घेतला की विंडोज ‘टाकून’ मिळतं. तंत्रज्ञ पेनड्राइव्ह लावतो, अँटीव्हायरस बंद करतो, कुठलीतरी छोटी फाइल चालवतो आणि ‘झालं ॲक्टिव्हेट’ म्हणतो. ती फाइल कोणी लिहिली? माहीत नाही. तिला संगणकाचे सगळे अधिकार कोणी दिले? आपण. अँटीव्हायरस बंद का करावा लागला? कारण तो तिला चोर म्हणत होता. (हशा) मायक्रोसॉफ्ट काय घेतं यावर आपण तासभर बोलू शकतो, कारण त्यांनी ते निदान लिहून ठेवलंय. या फाइलीने काय घेतलं ते कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: चोरीचं विंडोज हा खाजगीपणाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट पर्याय. पैसे देऊन घेतलेलं विंडोज त्याच्यापेक्षा बरं, आणि फुकटचं लिनक्स तर बरंच बरं.

आणि आता वेळही तशीच आलीय. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, म्हणजे आठ-दहा वर्षं जुनी यंत्रं बाद. घरगुती ग्राहकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट आहेत. त्याची अट बघा: तुमच्या सेटिंग्जचा बॅकअप आमच्या क्लाउडवर ठेवा, मग फुकट. नाहीतर ३० डॉलर भरा. आणि पैसे भरले तरी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतंच. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी तक्रार केल्यावर तिथे ही अट सैल झाली. आपल्याला नाही.

तरी अपडेट नसलेला संगणक इंटरनेटला जोडून ठेवू नका. मे २०१७ मधला ‘वॉनाक्राय’ आठवतो ना, त्याने जगभरचे लाखो संगणक कुलूपबंद केले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये आलेलं होतं. अपडेट न घेणाऱ्यांना फटका बसला. काही लोक खाजगीपणाच्या नावाखाली अपडेटच बंद करून ठेवतात. ते म्हणजे चोराच्या भीतीने दार काढून ठेवण्यासारखं आहे.

लिनक्सकडे येऊ. लिनक्स मिंट घ्या उदाहरणाला. खातं मागत नाही, वापराची माहिती कंपनीला पाठवत नाही, चार जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावर ठीक चालतं. याचा कोड उघडा आहे, कोणीही वाचू शकतो. ‘पण वाचतं कोण?’ असं विचाराल, तर दोन गोष्टी सांगतो. २०१२ मध्ये उबुंटूने संगणकावरच्या शोधात ॲमेझॉनची उत्पादनं दाखवायला सुरुवात केली, म्हणजे तुम्ही स्वतःची फाइल शोधली तरी ते शब्द बाहेर जात होते. लोकांनी ते पकडलं, रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला हेरगिरी म्हटलं, आणि २०१६ च्या आवृत्तीत ते मुळातून बंद ठेवलं गेलं. दुसरी गोष्ट मार्च २०२४ ची. एक्सझेड नावाच्या छोट्या घटकात कोणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून चोरवाट घातली. ती अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याने शोधली, कारण लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि ते त्याला खटकलं. कोड उघडा होता म्हणून तो तळापर्यंत जाऊ शकला. गंमत म्हणजे हा माणूस नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये करतो. तर लिनक्स म्हणजे सोवळ्यातला कारभार असं नाही. फरक एवढाच की तिथे पापं झाकून ठेवणं अवघड जातं.

आपल्या देशात हे नवीन नाही. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतात. सी-डॅकने ‘बॉस’ नावाचं लिनक्स बनवलं. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर आधारलेलं ‘माया’ आणलं. मॅकबद्दल फार बोलत नाही, इथे कोणाकडे आहे? त्यांनाही २०२० मध्ये उत्तरं द्यावी लागली होती, तुम्ही कोणतं ॲप उघडता याची चौकशी ॲपलच्या सर्व्हरकडे उघड्यावर, कुलूप न लावता जाते म्हणून.

मग सगळ्यांनी उद्या लिनक्स टाकायचं का? नाही. तुमचं पोट ज्या कामावर आहे ते काम आधी. अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, आयएसएमवरचं मराठी टायपिंग यांचे ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोजसाठी बनतात. म्हणून सेवा केंद्र चालवणाऱ्याला मी म्हणेन, मुख्य यंत्रावर विकत घेतलेलं विंडोज ठेवा, त्यावर मायक्रोसॉफ्टच्या खात्याऐवजी स्थानिक खातं वापरा, ऐच्छिक माहिती आणि वनड्राइव्ह बॅकअप बंद करा. जुनं यंत्र भंगारात देऊ नका, त्यावर मिंट टाका. स्कॅन, प्रिंट, झेरॉक्ससाठी आलेल्या फायली, पोरांचा अभ्यास, सगळं तिथे. आणि संध्याकाळी शटर ओढायच्या आधी दिवसभराच्या फायली पुसा, रिसायकल बिनसकट.

हे पुसणं कोणतीच ऑपरेटिंग सिस्टीम तुमच्यासाठी करणार नाही. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर आधार पाठवतं, ते दुकानाच्या व्हॉट्सॲप वेबमध्ये येतं आणि डाउनलोडमध्ये वर्षभर राहतं. तिथे विंडोज असो की लिनक्स, फरक शून्य. जिथे पूर्ण आधार लागत नाही तिथे मास्क केलेलं मागा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. काम झाल्यावर माहिती उगाच साठवून ठेवू नये, हे त्या कायद्यात आहेच.

आता प्रश्न घेऊ.

श्रोता: सर, लिनक्सवर अंगठा चालन का?

वक्ते: भाऊ, तुमच्याकडचं यंत्र कोणत्या कंपनीचं, कोणतं मॉडेल, त्यावर आहे. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची लिनक्सची सेवा दिली नसेल तर चालणार नाही असंच धरा. कोणी ‘जुगाड करून देतो’ म्हटलं तर करू नका. अंगठ्याच्या कामात जुगाड नको.

विद्यार्थिनी: मी एमएस-सीआयटी केलं, त्यात सगळं विंडोजच होतं. लिनक्सवर गेले तर शिकलेलं वाया जाईल का?

वक्ते: नाही बेटा. फाइल, फोल्डर, तक्ता, बेरजेचं सूत्र, सगळं तसंच आहे. लिब्रेऑफिस आठवड्यात हाताला बसतं. मराठीचं म्हणशील तर युनिकोड इनस्क्रिप्ट शिकून घे, ते विंडोज, लिनक्स, दोन्हीकडे आयतं मिळतं. कृतिदेवमध्ये टाइप केलेलं तो फाँट नसलेल्या संगणकावर वाचताच येत नाही, तो त्रास वेगळाच. मिंट पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहता येतं, मूळ विंडोजला हात न लावता. एवढंच, की ‘इन्स्टॉल’ दाबायच्या आधी बाबांच्या फायलींची प्रत काढून ठेव.

श्रोता: आणि मोबाइलचं काय? संगणक तर दिवसातून एकदा उघडतो.

वक्ते: बरोबर. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये २०२१ मध्ये मोजलं होतं. अँड्रॉइड असो की आयफोन, नुसता पडून असलेला फोनही सरासरी दर साडेचार मिनिटांनी कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो. संगणकावर तुम्ही दुसरी सिस्टीम टाकू शकता, फोनवर ते बहुतेकांना जमण्यासारखं नाही. म्हणून फोनवर निदान जाहिरातींचा आयडी पुसून टाका, लोकेशन कोणत्या ॲपला दिलंय ते तपासा, आणि दुकानाचा फोन वेगळा ठेवा. घरचा फोन लहान पोरांच्या हातात असतो, त्यात गिऱ्हाइकांचे कागद नकोत.