गाडी उंच करण्यापूर्वी

डोंगरवाटा, नदीपात्रे आणि चिखलाचे रस्ते यांवर गाडी घेऊन जाण्याची हौस आज अनेकांना आहे. चारही चाकांना जोर पोहोचविणारी गाडी दारात आली, की लवकरच ती ‘उंच’ करून घेण्याचा विचार मनात येतो. काम तसे झटपट होते आणि गाडी रुबाबदारही दिसू लागते. मात्र पुढच्या सस्पेन्शनमधील हा बदल केवळ उंचीचा नसतो. त्याबरोबर गाडीचे वळणे, थांबणे आणि तोल सांभाळणेही बदलते. म्हणूनच हा विषय नीट समजून घेणे हिताचे आहे.

सस्पेन्शनचे खरे काम

हादरे शोषून घेणे हे सस्पेन्शनचे काम आपल्याला ठाऊक असते. पण त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे चाक सतत जमिनीला टेकलेले ठेवणे. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत एक चाक अधांतरी झाले, की ते नुसतेच गरगर फिरते आणि त्याच आसावरील दुसऱ्या चाकालाही पुरेसा जोर मिळत नाही. म्हणजे खडकाळ वाटेवर उपयोगी पडतो तो चाकाला वर-खाली जाण्यास मिळणारा पल्ला. उंची हे त्याचे एक साधन आहे, साध्य नव्हे.

अखंड आसाच्या गाडीत कमानपाटे उंच केले, तर गाडीचे पोट वर जाते. परंतु आसावरील डिफरन्शियलचा फुगीर भाग होता तेथेच राहतो. तो वर जातो मोठ्या टायरमुळे, आणि तोही टायरच्या व्यासात झालेल्या वाढीच्या निम्म्यानेच.

दोन घडणी, दोन अडचणी

जुन्या जीपगाड्या आणि 1985 साली आलेली मारुती जिप्सी यांचा पुढचा आस अखंड असून तो कमानपाट्यांवर बसविलेला असतो. अशी गाडी उंच करताना अधिक बाकाचे पाटे घालतात, पाट्यांच्या टोकाचे शॅकल लांब करतात किंवा आसाखालचे पाटे आसावर आणतात. यात आस किंचित फिरला, तर ‘कास्टर’ कोन बदलतो. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष वरच्या बाजूस थोडा मागे कललेला असतो. त्या कलामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते. हा कल कमी झाला, की वेगात गाडी भरकटू लागते. योग्य मापाची पाचर बसवून तो पूर्ववत करता येतो. स्टिअरिंगचा दांडा फार तिरपा झाल्यास प्रत्येक खड्ड्यात चाक स्वतःहून वळू पाहते. ब्रेकची नळी अपुरी पडली, तर चाक पूर्ण खाली गेल्यावर ती ताणून तुटण्याचा धोका असतो.

2010 साली आलेल्या महिंद्र थारच्या सीआरडीई प्रकारात पुढची चाके स्वतंत्र होती आणि त्यांचा भार पिळदार दांड्यांवर, म्हणजे टॉर्शन बारवर होता. तेथे बोल्ट फिरविला, की गाडीचे नाक वर येते. खर्च जवळजवळ शून्य! पण चाकाचा एकूण पल्ला तेवढाच राहतो. वरच्या दिशेला मिळालेली जागा खालच्या दिशेतून वजा होते. शिवाय चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे अधिक कोनात फिरतात, त्यांची रबरी आवरणे लवकर फाटतात आणि आत माती शिरते. 2020 च्या थारमध्ये पुढे कॉइल स्प्रिंग आल्या. तरी उंची वाढविताना सांध्यांची आणि चाकांच्या कोनांची ही काळजी घ्यावीच लागते.

तोलाचे गणित

समजा, डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर 140 सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची 70 सेंटिमीटर आहे. निम्म्या अंतराला उंचीने भागल्यास 1.00 हा आकडा येतो. गुरुत्वमध्य 7 सेंटिमीटर वर गेला, तर तो 0.91 होतो. म्हणजे आडव्या उतारावर कलंडण्याची सैद्धांतिक मर्यादा 45 अंशांवरून सुमारे 42 अंशांवर येते. प्रत्यक्षात स्प्रिंग दबल्याने ती याहूनही आधी गाठली जाते. महामार्गावर एकाएकी वळण घ्यावे लागले, तर हाच फरक प्राणांशी गाठ घालू शकतो.

कायदा, विमा आणि कर्ज

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निकालात हाच दंडक अधोरेखित केला. 2019 च्या सुधारणेने आलेल्या कलम 182-क मध्ये नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे काम सुरू करण्याआधीच परिवहन कार्यालयाकडे चौकशी करावी. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. न कळविलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. कर्जावर घेतलेले वाहन बँकेकडे नजरगहाण असते. दावा नाकारला गेला, तरी हप्ते चुकत नाहीत, याचा विसर पडू नये.

आधी काय करावे?

पहिला खर्च झिजलेले बुश, शॉक ॲब्सॉर्बर आणि मान्य मापाचे चांगले टायर यांवर करावा. मऊ वाळूत किंवा चिखलात टायरमधील हवा बेताने कमी केली, तर पकड लक्षणीय वाढते. पक्क्या रस्त्यावर येण्यापूर्वी ती पुन्हा भरावी. त्यानंतरही अनुमत बदल करावयाचाच असेल, तर आधीची सर्व मापे लिहून ठेवावीत. काम झाल्यावर चाके पूर्ण खाली सोडून व दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकच्या नळ्या तपासाव्यात, चाकांचे कोन जुळवून घ्यावेत आणि थोडे अंतर चालविल्यावर बोल्ट पुन्हा आवळावेत.

आडवाटेची हौस जरूर पुरवावी. पण अवघड वाट पार करणारी तीच गाडी संध्याकाळी कुटुंबाला घेऊन महामार्गावरून घरी परतणार असते. त्या परतीच्या प्रवासाचा विचार करूनच पान्याला हात घालावा.