‘एंटर’ : कोण आत येतो आणि काय दाखल होते

परतूरच्या तहसील कार्यालयात आलेला शेतकरी ‘फेरफाराची एंट्री झाली का?’ असे विचारतो, तेव्हा तो कोणत्याही दारातून आत शिरण्याविषयी बोलत नसतो. त्याची एंट्री म्हणजे नोंद. चित्रपटातला नायक एंट्री मारतो आणि कचेरीतला कारकूनही एंट्री मारतो. एकात माणूस आत येतो, दुसऱ्यात त्याचे नाव.

‘एंटर’ हे क्रियापद मूळ लॅटिन, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेले. आपल्या ‘अंतर्गत’, ‘अंतरंग’ या शब्दांतील संस्कृत ‘अंतर्’शी त्याचे जुने नाते आहे. म्हणजे ‘आत’ हा अर्थ त्याच्या पोटातच आहे. म्हणूनच खोलीत जाताना ‘एंटर द रूम’ एवढे पुरते; आपल्याकडील विद्यार्थी मराठीतील ‘त’ प्रत्ययाच्या सवयीने ‘एंटर इंटू द रूम’ लिहितात आणि गुण गमावतात. मात्र करार करायचा असेल, तर ‘एंटर इंटू’च हवे. स्पर्धेसाठी नाव द्यायचे तर ‘एंटर फॉर’, वहीत लिहायचे तर ‘एंटर इन’. वर्गाच्या दारात उभा राहणारा मुलगा मात्र ‘मे आय कम इन’ म्हणतो, ते योग्यच. तेथे ‘एंटर’ फार औपचारिक वाटतो.

‘एंट्रन्स’ हे नाम प्रवेशद्वारासाठी आणि प्रवेशपरीक्षेसाठी चालते, नोंदीसाठी नाही. तोच शब्द दुसऱ्या अक्षरावर आघात देऊन उच्चारला, की ‘मंत्रमुग्ध करणे’ असे निराळेच क्रियापद होते.

आत जाणे आणि लिहिले जाणे, ही जोडी आपल्यालाही परकी नाही. अरबीतून फारसी-उर्दूमार्गे आलेला ‘दाखल’ नेमके हेच करतो. रुग्ण दवाखान्यात दाखल होतो, फिर्याद ठाण्यात दाखल होते. त्याचेच भावंड ‘दाखला’. गंमत अशी, की मूळ ‘आत येणे’ सांगणारा हा शब्द आपण शाळा सोडल्याच्या कागदाला लावला! परतूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तेथील कारभाराची भाषा उर्दू. पुढे १ मे १९८१ रोजी परभणीतून हा तालुका नव्या जालना जिल्ह्यात आला. राज्य बदलले, जिल्हा बदलला, दाखला तोच राहिला.

या जुन्या नोंदींचे मोल २०२३ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. याच जिल्ह्यातील अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर निजामकालीन दप्तरांत ‘कुणबी’ नोंदींचा शोध सुरू झाला. कोण्या लेखनिकाने कधीकाळी लिहिलेल्या एका शब्दावर आज नातवाचा प्रवेश अवलंबून राहू शकतो.

जमिनीचेही तसेच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार हक्कनोंदणीतील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीरपणे नवी नोंद येईपर्यंत, खरी मानली जाते. संगणकाच्या पडद्यावर ‘एंटर युवर नेम’ असे दिसते, तेव्हा तो आपल्याला आत बोलावीत नसतो, लिहायला सांगत असतो. नाव तपासण्याआधीच ‘एंटर’ची कळ दाबली गेली, तर चूकही तशीच आत जाते. लेखनातील चूक दुरुस्त करण्याची सोय त्याच अधिनियमाच्या कलम १५५ मध्ये आहे. पण त्यासाठी शेतकऱ्याला सहसा अर्ज करावा लागतो, आणि तो अर्जही आधी दाखलच करावा लागतो.