पायाळू बाळ : प्रसूतीपूर्वी फिरविता येते काय?

जन्माच्या वेळी ज्या बालकाचे डोके अगोदर न येता पाय किंवा नितंब अगोदर येतात, त्यास आपल्याकडे ‘पायाळू’ म्हणतात. पायाळू माणसाने पाठीस पाय लावला की उसण उतरते, त्यास भूमीतील पाणी वा गुप्तधन दिसते, मात्र त्याच्यावर वीज पडण्याचे भय असते, अशा समजुती खेड्यापाड्यांत रूढ आहेत. प्रस्तुत लेखकाच्या बालपणी गावातील एका पायाळू गृहस्थांच्या ओसरीवर सकाळीच उसण भरलेली माणसे येऊन बसत. परंतु या कौतुकात एक गोष्ट झाकली जाते. ज्यांच्या कथा सांगितल्या जातात, ते सर्व त्या जन्मातून वाचलेले असतात.

बालकाच्या शरीरात डोके हा सर्वांत मोठा व कठीण भाग होय. ते प्रथम आले म्हणजे उर्वरित शरीरास वाट मोकळी होते. पाय अगोदर आल्यास डोके शेवटी अडकण्याचा संभव असतो. नाळ खाली घसरून दाबली गेल्यास बालकाचा रक्तपुरवठा काही मिनिटांतच धोक्यात येतो. सुश्रुतसंहितेत ‘मूढगर्भ’ या नावाने अडलेल्या गर्भाचा स्वतंत्र विचार केलेला आहे, यावरून हे संकट किती जुने आहे हे ध्यानी येईल.

अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास पाचांपैकी एखादे बाळ उलटे असते, आणि त्यात भिण्याजोगे काही नाही. बहुतेक बाळे पुढे आपण होऊन फिरतात व दिवस भरतेवेळी शंभरात केवळ तीन-चार तशी राहतात. जुळी बाळे, गर्भजल कमी वा अधिक असणे, वार खाली असणे, गर्भाशयाची ठेवण, ही काही कारणे होत. पुष्कळदा कारण सापडतच नाही. मातेचा त्यात काहीही दोष नसतो, हे सासरच्या मंडळींनी विशेष ध्यानात घ्यावे.

आदिलाबाद जिल्ह्यातील तामसी हे गाव आज तेलंगण राज्यात आहे. तथापि त्या भागातील मराठी कुटुंबांच्या सोयरिकी राज्यसीमा पाहून होत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात किंवा किनवट तालुक्यात दिलेली लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते, ती सातव्या किंवा नवव्या महिन्यात. बाळाची स्थिती तपासण्याचा काळ नेमका हाच! अशा वेळी माता व बाल संरक्षण कार्ड सासरी राहून गेले, तर माहेरच्या परिचारिकेस पूर्वीचे काहीच कळत नाही. कार्ड बरोबर आणावे व आल्याबरोबर आशा कार्यकर्तीकडे नाव नोंदवावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सन 2016 पासून दरमहा 9 तारखेस सरकारी आरोग्य संस्थांत गरोदर मातांची विनामूल्य तपासणी केली जाते. पोट चाचपताना बरगड्यांखाली कठीण, वाटोळे डोके लागल्यास सोनोग्राफीने खात्री करून घेतात. (त्या वेळी लिंगाविषयी विचारू नये, ते सांगणे कायद्याने गुन्हा आहे.)

पहिलटकरणीच्या बाबतीत छत्तिसावा व इतरांच्या बाबतीत सदतिसावा आठवडा पूर्ण होऊनही बाळ उलटेच असेल, तर तज्ज्ञ डॉक्टर ते बाहेरून हातांनी फिरवू शकतात. प्रथम बाळाच्या हृदयाचे ठोके नोंदवितात. गर्भाशय सैल पडावे म्हणून टर्ब्युटालिनसारखे इंजेक्शन देतात. नंतर एका हाताने बाळाचे नितंब ओटीपोटातून वर उचलून व दुसऱ्या हाताने डोके खाली वळवून त्यास हळूहळू कोलांटी घ्यावयास लावतात. सारे काम काही मिनिटांचे असते. माता वेदना असह्य झाल्याचे सांगेल किंवा ठोके मंदावतील, तर ते तेथेच थांबवितात. आर एच निगेटिव्ह मातेस अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. सुमारे निम्म्या मातांच्या बाबतीत यश येते. पूर्वी प्रसूती झालेल्यांत अधिक, पहिलटकरणींत कमी. फिरलेले बाळ पुन्हा उलटण्याचे प्रमाण शंभरात पाचांहून कमी असते. दोनशेंत सुमारे एका मातेस तातडीने सिझेरियन करावे लागते. यास्तव ही क्रिया शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच करावयाची असते. वार गर्भाशयाच्या मुखाशी असेल, अलीकडे रक्तस्राव झाला असेल, गर्भजल गेले असेल किंवा जुळी बाळे असतील तर ती करीत नाहीत.

नेमके हेच काम घरी तेल लावून, पोट दाबून करण्याचा प्रयत्न काही ठिकाणी होतो. अनुभवी सुईणीविषयी आदर बाळगूनही सांगणे प्राप्त आहे की, वार कोठे आहे व बाळाचे ठोके कसे चालले आहेत हे नुसत्या बोटांना समजत नाही. वार सुटून रक्तस्राव झाल्यास माता व बालक दोघांच्याही जिवावर बेतते. गुडघे व छाती टेकून, कंबर वर करून राहण्याच्या आसनाने बाळ फिरते असे सिद्ध झालेले नाही. पायाच्या करंगळीजवळ वनस्पतीचा धूर-शेक देण्याच्या चिनी उपायाबाबतचे पुरावेही अद्याप खात्रीलायक नाहीत.

बाळ न फिरल्यास प्रसूती कोठे व कशी करावयाची हे कळा सुरू होण्यापूर्वीच ठरले पाहिजे. सव्वीस देशांतील दोन हजारांहून अधिक मातांचा अभ्यास सन 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. नियोजित सिझेरियनने बालकांना असलेला धोका घटतो असे त्यात दिसून आल्यावर जगभर तीच पद्धत रुळली. अशी प्रसूती हाताळण्यात निष्णात डॉक्टर असल्यास काही निवडक मातांची स्वाभाविक प्रसूतीही होऊ शकते. तामसीच्या मातांना जिल्ह्याच्या ठिकाणी आदिलाबादेतच राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे. पाणी गेल्यास, नाळ वा पाऊल बाहेर दिसल्यास ओढाओढ न करता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत मातेस डाव्या कुशीवर, कमरेखाली उशी देऊन निजवावे.

अशा बाळांत खुब्याचा सांधा निखळलेला वा सैल असण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते. बाळ जन्मापूर्वी फिरले असले तरी जन्मानंतर त्याचे खुबे डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत व सहाव्या आठवड्याच्या सुमारास खुब्यांची सोनोग्राफी करून घ्यावी.