धूळ की धूर? उपग्रह काय सांगतात

२३ जानेवारी २०२२ रोजी मुंबई-पालघरपासून पुण्यापर्यंतची हवा गढूळली, ती इथल्या मातीने नव्हे. पश्चिमी झंझावातामागून सुटलेल्या वाऱ्यांनी पाकिस्तानातली धूळ कराचीवरून अरबी समुद्रावर लोटली आणि सौराष्ट्राकडून ती कोकण किनाऱ्यावर आली. भरदुपारी सूर्य फिकट दिसत होता, उभ्या गाड्यांवर पांढुरकी पूड बसली होती, दिवसाचा पाराही चांगलाच उतरला होता.

अशी धूळ समुद्रावर असतानाच उपग्रहांना ओळखू येते. गडद पाण्यावर तिचा मातकट पट्टा उठून दिसतो; जमिनीवर मात्र तो मातीच्या रंगात मिसळतो. तिथे, आणि रात्रीही, अवरक्त किरण कामी येतात. धुळीतले खनिज कण ११ मायक्रॉनच्या आसपासची उष्णता १२ मायक्रॉनपेक्षा जास्त शोषतात, ढगांचे बहुधा याच्या उलट असते. दोन्ही तरंगलांबींवर मोजलेल्या तापमानांची वजाबाकी केली की धूळ वेगळी निघते. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरचे इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस हे उपग्रह भारतावर सतत नजर ठेवत असल्याने पट्टा कुठे सरकतो आहे, हे तासातासाला कळते.

धुराचे कण धुळीपेक्षा फार बारीक असतात. ते निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून धूर निळसर-करडा दिसतो. जास्त लांबीच्या अवरक्त लहरी मात्र त्यातून आरपार जातात. त्यामुळे धुराखालची आग ४ मायक्रॉनच्या आसपास ठळक उमटते. सुओमी एनपीपी उपग्रहावरचा व्हीआयआयआरएस कॅमेरा ३७५ मीटरच्या चौकटीत अशी आग टिपतो. चौकटीचा लहानसा भाग पेटला असला तरी पुरते.

पण हा उपग्रह पालघर जिल्ह्यातल्या सफाळ्यावरून जातो तो साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. तिथल्या तांदूळवाडीच्या डोंगरावरचे वाळलेले गवत संध्याकाळी पेटून मध्यरात्रीआधी विझले, तर तो वणवा नोंदीतून सुटू शकतो. उलट, पावसाआधी भातरोपांच्या जागेवर पालापाचोळा रचून भाजलेला राब नेमका त्या वेळी जळत असेल, तर तोही आगीचा ठिपका म्हणून नोंदला जाऊ शकतो. हा वणवा की राब, हे गावच सांगू शकते.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. उपग्रह वरून खालपर्यंतच्या साऱ्या हवेतल्या कणांची एकत्र बेरीज मोजतो. दोन किलोमीटर उंचीवरून जाणारी धूळ आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात जमिनीलगत साचलेला धूर त्या आकड्यात एक होतात. श्वासात काय जाते, हे ठरवायला जमिनीवरची मोजणी यंत्रेच हवीत, आणि ती गावांच्या जवळ हवीत.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था आगीच्या सूचना नोंदणी करणाऱ्या कोणालाही पाठवते. डोंगरावर वणवा दिसला, तर उपग्रहाची वाट न पाहता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावे.